पाऊस पडला की सह्याद्रीत काय काय घडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत मी शाळकरी मुलांच्या गटांबरोबर सह्याद्रीत हिंडतो. बऱ्याचदा त्यांचे आईवडील, आजीआजोबाही सोबत असतात. वाटेत प्रश्न येत राहतात, आणि दरवर्षी साधारण तेच येतात. यातल्या पुष्कळ प्रश्नांची खरी उत्तरं ऐकीव गोष्टींपेक्षाही नवलाची आहेत, म्हणून ती एकदा नीट लिहून ठेवतो आहे. क्रम ऋतूचाच ठेवला आहे, मेपासून सुरुवात.

मे महिन्यात एके दिवशी सावली नाहीशी होते म्हणतात. खरं का?

खरं आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे सगळ्या महाराष्ट्रात आणि गोव्यात, वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो. सावंतवाडीकडे हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत १५-१६ मेला आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. सरळ कडांचा स्टीलचा डबा गच्चीवर उभा ठेवा. सावली आक्रसत डब्याच्या बुडाखाली जाते आणि दोन-तीन मिनिटांत पलीकडच्या बाजूने बाहेर येऊ लागते. घड्याळात बारा वाजता मात्र पाहू नका. पुण्या-मुंबईत सूर्य माथ्यावर यायला साडेबारा उलटून जातात, कारण आपली प्रमाणवेळ बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावरून धरलेली आहे. दुसरा दिवस जुलैत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, पण तेव्हा सूर्यच दिसत नाही. दिल्लीत राहणाऱ्यांच्या नशिबी हे दृश्य नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

काजवा पेटतो कसा? हातात घेतला तर चटका का बसत नाही?

काजवा हा भुंगेरा आहे. त्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि प्रकाश बाहेर पडतो. या प्रक्रियेत उष्णता जवळजवळ निर्माणच होत नाही. जुना पिवळा बल्ब आठवा, वीज खायचा आणि तिची बहुतेक उष्णताच करून टाकायचा. हीच रासायनिक युक्ती माणसाने प्रयोगशाळेत उचलली आहे. दुग्धव्यवसायात आणि इस्पितळांत पृष्ठभाग खरोखर स्वच्छ आहे का, हे तपासायला काजव्याचं विकर वापरतात. पुसून घेतलेल्या बोळ्यावर जिवाणूंचा किंवा अन्नाचा अंश राहिला असेल तर तो उजळतो.

मेच्या अखेरीला भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत एखादं अख्खं झाड एका तालात लुकलुकताना दिसतं. लुकलुकणारे बहुतेक नर असतात. मादी पानावर किंवा गवतात बसून ठरावीक वेळाने उत्तर देते आणि त्या उत्तरावरून नर तिला शोधतो. आपल्याला दिसणारे हे दिवस त्याच्या आयुष्याचा अगदी शेवटचा तुकडा असतात. त्याआधी कितीतरी महिने तो अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खात राहिलेला असतो. ही अळीसुद्धा मंद चमकते.

याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. एका वर्षी अशाच एका झाडाखाली आम्ही वीसजण अंधारात गप्प बसलो होतो. झाड एकदम उजळत होतं, विझत होतं. तेवढ्यात वळणावरून गाडी आली, तिचे प्रखर दिवे झाडावर पडले आणि ते वर्षभराचं नाटक थांबलं. दिवे गेल्यावरही बराच वेळ झाड काळंच राहिलं. एका मुलीने हळूच विचारलं, "ते घाबरले का?" त्यांना एकमेकांचा उजेड दिसेनासा होतो, हे तिला सांगितलं. जोडी जुळवायला त्यांच्याकडे मोजक्याच रात्री असतात. म्हणून गाडी लांब लावा, फोन खिशात ठेवा, विजेरी लागलीच तर तिला लाल कागद गुंडाळा आणि उजेड पायापुरता ठेवा. झाड हलवू नका. काजवे बरणीत भरू नका.

पायाळू माणसावर वीज पडते का?

नाही. माणूस जन्मताना आधी पाय बाहेर आले की डोकं, याचा विजेशी काडीमात्र संबंध नाही. वीज उंची बघते, एकटेपणा बघते, टोकदारपणा बघते. मोकळ्या शेतात उभा असलेला कुणीही, पायाळू असो वा नसो, तिच्या दृष्टीने सारखाच.

विजेच्या वाटेतली हवा क्षणभर ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंशांचा आहे. इतकी तापलेली हवा फुटल्यासारखी फुगते आणि तोच गडगडाट. उजेड लगेच पोचतो, आवाजाला एक किलोमीटर कापायला जवळपास तीन सेकंद लागतात. चमकल्यापासून मोजायला सुरुवात करा. तिसापर्यंत पोचायच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा ताबडतोब पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

झाडाखाली उभं राहू नका, हे सगळ्यांना माहीत असतं. का, ते फारसं कुणी सांगत नाही. झाडावर पडलेली वीज मुळांतून जमिनीत पसरते आणि जवळच्या जमिनीवर दोन पावलांमध्येही विजेच्या दाबाचा फरक पडतो. गाईबैलांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून झाडाखाली बांधलेली जनावरं अशी पटकन दगावतात. उघड्यावर सापडलात तर आडवे पडू नका. पाय जुळवून उकिडवे बसा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो, लावायलाच हवा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा. शेणात पुरून ठेवण्यात जाणारी मिनिटं त्याच्या जिवाची असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचं ॲप तयार केलं आहे, ते आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. गावाकडच्या प्रत्येक फोनमध्ये ते असावं असं मला वाटतं.

पहिल्या पावसात मातीचा वास येतो तो नेमका कशाचा?

मुख्यतः जिवाणूंचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जिवाणू जिऑस्मिन नावाचं द्रव्य बनवतात. बीटला येणारा मातकट वासही त्याचाच. त्यात वनस्पतींची तेलं मिसळतात, जी उन्हाळ्यात दगडमातीवर साचलेली असतात. थेंब तापलेल्या जमिनीवर आपटला की मातीच्या छिद्रांतली हवा बुडबुड्यांच्या रूपात थेंबातून वर येते, फुटते आणि हा वास घेऊन उडते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. म्हणून हलक्या-मध्यम सरीत वास जास्त येतो आणि मुसळधार पावसात तो बसतो.

माणसाचं नाक याबाबतीत कमालीचं तिखट आहे. हवेच्या अब्जावधी रेणूंत जिऑस्मिनचे मोजके रेणू असले तरी आपल्याला ते कळतात. पण तो वास जिवाणू आपल्यासाठी बनवत नाहीत. २०२० मध्ये असं दिसून आलं की या वासावर स्प्रिंगटेल नावाचे मातीतले चिमुकले उड्या मारणारे जीव खेचले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून दुसरीकडे नेऊन सोडतात. मधमाशी आणि फूल यांच्यासारखाच हा व्यवहार.

१९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी या वासाला 'पेट्रिकोर' असं शास्त्रीय नाव दिलं. आपल्याकडे 'मृद्गंध' हा शब्द आहेच. शिवाय उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये भाजलेली माती उकळून तिचा वास चंदनाच्या तेलात धरतात. मातीचं अत्तर म्हणतात ते हेच.

मृगाचा किडा पावसाआधी कुठे असतो?

जमिनीत. आणि तो किडा नाहीच. पुढच्या वेळी दिसला की पाय मोजा, आठ भरतील. कीटकांना सहा असतात. हा कोळ्यांच्या गणगोतातला, गोचिडांच्या जवळचा. संस्कृतात त्याला इंद्रगोप म्हणतात.

तळहातावर घेतलात तर आधी तो पाय पोटाशी घेऊन मखमलीच्या मण्यासारखा निपचित पडतो. मिनिटभर हात हलवू नका. मग पुढचे दोन पाय बाहेर येतात, हवेत चाचपडतात आणि तो तुरुतुरु चालायला लागतो. लाल रंग हा भक्षकांना इशारा आहे, की मी चवीला वाईट आहे. पहिल्या पावसात वर येण्यामागे त्याची घाई आहे. जोडी जुळवायची असते, अंडी घालायची असतात आणि खायलाही तेव्हाच भरपूर मिळतं. अंड्यातून निघालेली पिल्लं सहा पायांची असतात आणि टोळासारख्या कीटकांच्या अंगावर चिकटून वाढतात. लहानपणी काड्यापेटीत भरून शाळेत नेलेले मृगकिडे पुष्कळांना आठवत असतील. आता ते शहराजवळच्या शेतांत फार कमी दिसतात, तेव्हा बघून परत मातीत सोडा.

चातक फक्त पावसाचं पाणी पितो हे खरं का?

काव्यात खरं. चातक कीटकांवर जगतो, केसाळ सुरवंट त्याला विशेष आवडतात आणि लागणारं पाणी बरंचसं त्यातूनच मिळतं. खरं नवल वेगळंच आहे. आपल्याकडे दिसणाऱ्या चातकांपैकी बरेच आफ्रिकेतून, अरबी समुद्र ओलांडून, नैऋत्य वाऱ्यांच्या साथीने येतात. म्हणजे पावसाची वर्दी देणारा पक्षी हा कवीचा शब्द भूगोलाच्या दृष्टीने बरोबर ठरतो. "पेर्ते व्हा" म्हणणारा पावशाही कोकीळकुळातलाच. दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात.

डबक्यातले पिवळेजर्द बेडूक विषारी असतात का?

अजिबात नाही. हा आपला नेहमीचा मोठा बेडूक, वर्षभर शेवाळी-तपकिरी असणारा. पहिल्या जोरदार पावसानंतर नर लिंबासारखे पिवळे होतात आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. हा थाट माद्यांसाठी, काही दिवसांपुरता. उन्हाळाभर हे बेडूक जमिनीखाली निपचित पडून असतात, म्हणून एका रात्रीत आभाळातून पडल्यासारखे वाटतात. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. तरी पहिल्या पावसात पोती घेऊन बेडूक धरणारे अजून दिसतात. तो गुन्हा आहे, हे त्यांना सांगायला कचरू नका.

ढगाला वजन असतं का? मग तो पडत का नाही?

असतं, आणि भरपूर. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशा साध्या पांढऱ्या ढगात दर घनमीटरला अर्धा ग्रॅम पाणी धरलं तर पाचशे टन होतं, म्हणजे दहा टनांचे पन्नास ट्रक. पण हे पाणी इतक्या बारीक कणांत वाटलेलं असतं की एकेक कण सेकंदाला सेंटीमीटरभरच खाली सरकतो. वर चढणारी हवा त्याला सहज पेलून धरते. असे दहा लाख कण एकत्र आले की पावसाचा एक चांगला टपोरा थेंब होतो.

आणि थेंबाचा आकार?

चित्रात काढतो तसा, वर निमुळता, मुळीच नसतो. बारीक थेंब गोल असतात. मोठे थेंब खालून हवेच्या दाबाने चपटे होतात, बनपावासारखे. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेले की फुटतात.

"१०० मिलिमीटर पाऊस" म्हणजे नक्की किती?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर तेव्हा ४७ हजार लिटर पाणी पडलं, दहा हजार लिटरचे जवळपास पाच टँकर. त्याच दिवशी कुलाब्यात ७३ मिलिमीटर पडला. एकाच शहरात!

महाबळेश्वरला इतका पाऊस आणि खाली वाईला इतका कमी, असं का?

समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळते, वर चढते, थंड होते आणि तिथेच रिकामी होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजारही गाठत नाही. पूर्वेकडे उतरणारी हवा तापते आणि तिच्यातले ढग विरतात. माण-खटावच्या दुष्काळाचं एक मोठं कारण हेच.

भिंत हा शब्द मी मुद्दाम वापरला. सह्याद्री हिमालयासारखा जमिनीला घड्या पडून उभा राहिलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं, आणि सह्याद्री ही त्या पठाराची झिजत झिजत मागे आलेली कड आहे. कोकणातून बघितलं तर छाती दडपते आणि देशावरून कित्येक ठिकाणी चढण जाणवतही नाही, ते यामुळे. पावसाळा सरताना समोरच्या कड्याकडे पाहा. पुरणपोळ्यांच्या चळतीसारखे आडवे थर स्पष्ट दिसतात. एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा. याच थरांत आपल्या पूर्वजांनी कितीतरी लेणी आणि टाकी खोदली.

नाणेघाटातला धबधबा उलटा वाहतो, ही काय जादू?

वाऱ्याची. कोकणातून आलेला वारा कड्याला थडकला की त्याला वरच जावं लागतं. घळीत तो आणखी कोंडतो. पाणी कड्यावरून सुटून तुषारांत फुटलं की बारीक थेंबांचा पडायचा वेग सेकंदाला दोन-चार मीटरच असतो. वारा त्याहून जोरात वर जात असेल तर थेंब वर जातात, माथ्यावर पडतात आणि पुन्हा वाहत कड्याकडे येतात. आंबोलीजवळ कावळेसादलाही हे दिसतं. कड्यापासून चार हात लांब उभं राहा. तोच वारा झोत थांबला की तोल घालवतो.

भीमाशंकरचं जंगल रात्री चमकतं का?

काही ठिकाणी, भर पावसाळ्यात. कुजणाऱ्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीमुळे फांद्या आणि पानं हिरवट उजळतात. फोटोत दिसतं तितका हा उजेड डोळ्यांना लख्ख दिसत नाही, कारण कॅमेरा बराच वेळ प्रकाश गोळा करतो. पंधरा-वीस मिनिटं पूर्ण अंधारात बसलात तर हळूहळू उमगायला लागतो. अभयारण्य आहे, तेव्हा वन खात्याच्या परवानगीशिवाय रात्री शिरू नका.

कोकणकड्यावर गोल इंद्रधनुष्य दिसतं, ते सगळ्यांना का दिसत नाही?

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळचं ऊन पाठीवर असावं आणि समोर दरीत धुकं भरलेलं असावं, तेव्हाच हे गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, दिसतं. धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडं उमटतं. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३५ मध्ये छापलेल्या दख्खनच्या हवामानावरच्या लेखात याची नोंद केली.

विशेष म्हणजे दहाजण ओळीत उभे राहिले तरी प्रत्येकाला कडं स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं, शेजाऱ्याच्या नाही. धुक्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश जवळजवळ आला त्याच वाटेने परत पाठवतात, म्हणून ज्याच्या डोळ्यांत तो परततो त्याच्याच सावलीभोवती कडं दिसतं.

कासच्या पठारावर मांस खाणारी फुलं आहेत म्हणे?

आहेत, आणि तुम्ही त्यांचे फोटोही काढले असतील. ऑगस्टअखेर पठार जांभळं-निळं करणारी नाजूक 'सीतेची आसवं' ही त्यातलीच. फूल निरागस आहे, शिकार जमिनीखाली चालते. ओल्या चिखलात तिच्या अंगाला टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. पिशवीतलं पाणी वनस्पती बाहेर टाकत राहते, आत दाब कमी होतो. एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसांना लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो खेचला जातो. याच कुळातल्या, पाण्यात वाढणाऱ्या एका जातीचा हा झटका मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात मोजला गेला आहे. आपली पापणी लवायला त्याच्या शंभरपट वेळ लागतो.

हा खटाटोप कशासाठी? कासच्या जांभ्या दगडावर मातीचा थर अगदी पातळ, आणि त्यातलं नत्र पावसाने धुऊन जातं. ते मिळवायला कीटक. जवळच 'दवबिंदू' शोधा, पानांवरच्या लाल केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. ती बघायला गुडघे टेकून बसावं लागतं. बसायला दगड निवडा, कारण एका बुटाखाली वीस झाडं जातात. कास २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

कारवी सात वर्षांनीच का फुलते?

कारवी म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवरचं दाट झुडूप, ज्याच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती होतात. ती वर्षानुवर्षं नुसती वाढते. मग साधारण सातव्या-आठव्या वर्षी एका भागातली सगळी झुडपं एकदम जांभळी होतात, बी धरतात आणि मरतात. निलगिरीतली नीलकुरिंजी, हिचीच बहीण, बारा वर्षं थांबते. तिचा मोठा बहर २००६ ला आला आणि मग २०१८ ला.

एकदम का, याचं सर्वांत पटणारं उत्तर असं: दरवर्षी थोडं थोडं बी धरलं तर उंदीर, पक्षी, किडे ते फस्त करतील. सात वर्षं काहीच द्यायचं नाही आणि मग इतकं द्यायचं की खाणारे खाऊन खाऊन थकतील आणि तरी रुजायला उरेल. वर्षं मोजण्याचं घड्याळ झाडात कुठे आणि कसं चालतं, हे कोडं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही.

फुलं सगळे बघायला जातात. मी सांगेन की त्याच उताराला पुढच्या जूनमध्ये पुन्हा जा. मेलेल्या, वाळलेल्या झुडपांवर बोंडं तशीच असतात, हिवाळा आणि उन्हाळा काढलेली. पहिली सर येते, बोंडांना ओल लागते आणि ती तड्-तड् फुटायला लागतात. आधी एखादंच, मग शेजारचं, मग सगळा उतार. बी अंगावर उडतं.